पान फाडायचं नाही

रंकाळा तलावाच्या कठड्यावर आठ वह्या उघड्या मांडल्या होत्या. वाऱ्याने पानं उलटू नयेत म्हणून कुणी पाण्याची बाटली ठेवली होती, कुणी रंगांचा डबा. रविवारची सकाळ, नऊ वाजत आले होते. सात वाजल्यापासून सगळे पाण्यातला दगडी संध्यामठ काढत बसले होते आणि आता एकेकाची वही बघायची वेळ आली होती. नववी वही माझी. ती पिशवीत होती, आणि सकाळी काढलेलं पान चुरगाळून पर्सच्या तळाशी गेलं होतं.

या मंडळींत माझा तो पहिला दिवस. त्यांच्यातले ज्येष्ठ म्हणजे एक निवृत्त कलाशिक्षक. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणतात. त्यांनी माझी वही मागितली. स्पायरलच्या तारेत फाटलेल्या कागदाचे बारीक तुकडे अडकले होते. त्यावरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, “किती पानं फाडलीत?”

“मोजली नाहीत, सर.”

“आपल्याकडे फी नाही, हजेरी नाही. नियम एकच आहे, पान फाडायचं नाही. बिघडलं तर खाली तारीख घाला, काय बिघडलं ते दोन ओळींत लिहा आणि पुढचं पान उघडा.”

पान फाडायची सवय मला शाळेपासूनची. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा मी दिल्या होत्या. वर्गात स्थिरचित्र काढताना एकदा माझा तांब्या वाकडा आला. शिक्षकांनी त्यावर लाल पेनने फुली मारली आणि वही वर्गभर फिरवली. त्या दिवशी घरी येऊन मी ते पान फाडलं. पुढे कॉमर्स केलं, नोकरी लागली, संसार झाला. चित्र काढणं सुटलं नाही, पण कुणी बघायच्या आत पान फाडणंही सुटलं नाही. पंचवीस वर्षांत कितीतरी वह्या आणल्या. त्यातली एकही शेवटपर्यंत भरली नाही, सगळ्या रोडावत गेल्या.

कोल्हापूरला लोक कलापूर म्हणतात, ते उगाच नाही. या गावात बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले, स्वतः कॅमेरा बनवला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ हा सिनेमा पडद्यावर आणला. त्यांच्या आधी इथे अबालाल रहिमान होते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते कोल्हापुरात परत आले, शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले आणि रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थ यांच्या काठांनी आयुष्यभर चित्रं काढत हिंडले. महाराज 1922 साली गेले. त्या दुःखात अबालालांनी आपली ढीगभर चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, असं गावात अजून सांगतात. सरांनी ती गोष्ट मला दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी सांगितली. मग म्हणाले, “त्यांच्या मनात काय होतं, त्यावर आपण काय बोलणार? पण एवढं खरं की त्या चित्रांत पाणी कसं रंगवलं होतं, ते आता कुणालाच बघता येणार नाही.”

त्या आठवड्यात मी स्पायरलची वही ठेवून दिली. दीडशे जीएसएमचे कार्ट्रिज कागद विकत आणले आणि बाइंडरकडून दोऱ्याने शिवून घेतले. शिवलेल्या वहीत एक पान फाडलं की त्याचं जोडपान सैल होऊन गळून पडतं. म्हणजे एक चूक लपवायची तर एक चांगलं पानही गमवायचं. मला असाच धाक हवा होता.

वह्या बघायची आमची एक रीत आहे. ‘छान’ म्हणायचं नाही. काय दिसतंय तेवढंच सांगायचं. “पाण्यातली सावली मठापेक्षा काळी झालीय.” “तुझी नजर आधी नारळाकडे जाते, मग मठाकडे.” सुरुवातीला असं बोलणं कोरडं वाटलं. पुढे लक्षात आलं की ‘छान’वर बोलणं थांबतं आणि ‘सावली काळी झालीय’ म्हटलं की दोघंही परत पाण्याकडे बघतात. एकच संध्यामठ आठ वह्यांत आठ तऱ्हांनी उतरायचा. ॲनिमेशन शिकणारा एक मुलगा तो ब्रशपेनच्या बारा-पंधरा रेघांत संपवायचा. रांगोळीचा हात असलेल्या एक ताई दगडाचा प्रत्येक थर मोजून काढायच्या. आणि पेंटरमामा फक्त मठाचं प्रतिबिंब काढायचे, मठाची जागा कोरी ठेवून.

मामांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले आणि त्यांचं काम बसलं. त्यांच्या पिशवीत एकही विकतचं पेन नसतं. बोरू ते स्वतः करतात. बांबूची करंगळीएवढी काडी घ्यायची, टोक तिरपं छाटायचं आणि मधोमध ब्लेडने चीर द्यायची, म्हणजे शाई त्या चिरेतून उतरते. मला त्यांनी एक करून दिला. बोरूला शाई जास्त वेळ टिकत नाही. रेघ काळीभोर सुरू होते आणि चार-पाच इंचांवर सुकत जाऊन खरखरीत होते. पहिल्या दिवशी मी दर रेघेला बोरू बुडवत होते, तेव्हा मामांनी माझा हात धरला.

“सुकू द्या की. सुकलेली रेघ लांबची, ओली रेघ जवळची. एका बुडवणीत पुढचं आन् मागचं दोन्ही निघतंय.”

पेन्सिलने अंतर दाखवायला मी दहा छटा भरत असे. इथे ते काम शाईचं सरत जाणंच करत होतं.

या संगतीत मलाही निरनिराळी माध्यमं हाताळून बघायची ओढ लागली. पावसाळ्यात बाहेर बसता येईना, तेव्हा मी स्वयंपाकघरातलेच रंग काढले. चहाचं कडक पाणी, कोकमाचा आगळ, हळद. चहा कागदात छान मुरतो आणि वाळला की त्याच्या कडेला गडद किनार उमटते. कोकमाचा जांभळट लाल रंग दोन दिवसांत मळकट झाला. हळदीने मात्र पान उजळून निघालं. मग आजीची आठवण आली. कुंकू करताना हळदीला चुन्याची निवळी लावतात, हे तिच्याकडून ऐकलं होतं. अर्ध्या पानावर चुन्याचं पाणी फिरवलं आणि पिवळं डोळ्यांसमोर लाल होत गेलं. त्या रविवारी सगळ्यांनी ते पान हातात घेऊन बघितलं.

नंतर ती वही स्वयंपाकघराच्या खिडकीत उघडीच राहिली. पानाच्या खालच्या भागावर पाककृतींची वही आडवी पडली होती. दिवाळीची साफसफाई करताना मी ती उचलली. झाकलेल्या भागात हळद तशीच पिवळीधमक होती. वर, जिथे ऊन लागत होतं, तिथे ती जवळजवळ उडून गेली होती. दोन्हींच्या मध्ये पट्टीने आखावी तशी सरळ रेघ होती. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे मी वाचलंही असतं. पण त्या रेघेने ते जसं पटवलं तसं वाचून पटलं नसतं. जुन्या सवयीने डागाळलेलं म्हणून ते पान फाडलं असतं, तर ही रेघ मला कधीच दिसली नसती. मी खाली दुसरी तारीख घातली आणि पुढे लिहिलं, ‘चार महिने, पूर्वेचं ऊन.’

सरांनी एकदा आम्हाला राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात नेलं. चंद्रकांत म्हणजे मराठी सिनेमातले गाजलेले नट. पण त्यांनी केलेली पावडर शेडिंगची निसर्गचित्रं समोरून बघितली, तेव्हा मी त्यांचे सिनेमे विसरले. धुकं, झाडं, पाणी यांना कडाच नाहीत. रेघ शोधत मी अगदी जवळ गेले, तर सगळ्या काळ्या पुडीच्या छटा, एकीतून दुसरी निघालेली. घरी येऊन 6बी पेन्सिल सँडपेपरवर घासली, पूड वाटीत जमवली आणि कापसाच्या बोळ्याने कागदावर चोळली. पहिली तीन पानं नुसती धुरकट झाली. चौथ्या वेळी उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी अख्खं पान करडं केलं आणि मळून मऊ केलेल्या रबराने त्यातून उजेड उचलला. काळं भरत बसण्यापेक्षा उजेड मोकळा करायचा, हे मला तिथे सापडलं. ती तीन धुरकट पानंही मी रविवारी मांडली. ॲनिमेशनवाल्या मुलाने चौथ्याआधी तीच जास्त वेळ बघितली, कारण त्यालाही त्याच वाटेने जायचं होतं.

व्यक्तिचित्राची मला भीती वाटायची. झाडाची फांदी चुकली तर झाड तक्रार करत नाही. माणूस समोर बसून वाट बघत असतो. म्हणून गेल्या हिवाळ्यात पेठेतल्या एका तालमीबाहेरच्या कट्ट्यावर वस्तादांना बसवायचं ठरलं, तेव्हा मी मागची जागा धरली. वस्ताद पंच्याहत्तरीचे. तरुणपणी खासबाग मैदानात कुस्त्या केलेले. डोक्याला पटका, अंगात पांढरा सदरा, हात गुडघ्यांवर. सरांनी विचारलं, “वीस मिनिटं न हलता बसाल?” वस्ताद म्हणाले, “मातीत बसलोय आख्खा जन्म. हिथं काय?” आणि खरंच ते हलले नाहीत.

मी चारकोल घेतला. एक डोळा मिटून, हात लांब करून पेन्सिलने मापं घेतली. कपाळ, नाक, हनुवटी. दहा मिनिटांत कळून चुकलं की लाइकनेस गेला. डोळे जवळ आले होते, जबडा अरुंद झाला होता. समोर वस्ताद होते आणि कागदावर कुणी भलताच म्हातारा. बोटं पानाच्या कोपऱ्याकडे गेली. ती मागे घेतली आणि उरलेली दहा मिनिटं जे दिसत होतं तेवढंच काढायचं ठरवलं.

माझ्या बाजूला त्यांचा डावा कान होता. पैलवानाचा कान. मातीत आणि जोडीदाराच्या डोक्याशी घासून घासून कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साकळतं, घट्ट होतं आणि कानाच्या घड्या बुजून जातात. चित्रकलेच्या पुस्तकातला कान मला पाठ होता. बाहेरची कड, आतली कड, मधली खोलगट वाटी. इथे त्यातलं काहीच नव्हतं. नदीतल्या गोट्यासारखा गोल, टणक, मध्ये एक खोल फट. माझ्या पाठ केलेल्या रेघा इथे उपयोगाच्या नव्हत्या, त्यामुळे बघावंच लागलं. आधी पूड चोळली, मग रबराने उंचवट्यावरचा उजेड उचलला, फटीत चारकोल दाबला. तेवढ्यात सर म्हणाले, “वेळ झाली.”

वह्या कट्ट्यावर मांडल्या. वस्ताद उठले, मागे हात बांधून एकेका वहीपाशी थांबत चालले. ताईंनी पटक्याचा प्रत्येक पीळ काढला होता. मुलाच्या रेघांत त्यांची बसण्याची ऐट नेमकी आली होती. ती पानं बघून ते मान हलवत पुढे येत होते. माझ्या वहीपाशी आल्यावर वाकले.

“त्वांड कुणाचं हाय ठावं न्हाई,” ते म्हणाले, “पन ह्यो कान माजाच.”

कुणी बोललं नाही. त्यांनी पानावर बोट टेकवलं नाही, बोट कानाच्या आकाराभोवती हवेत फिरवलं.

“हे मला द्याल का, बाई? नातू तालमीत जातोय. गेल्या महिन्यात कान सुजला त्याचा, तवापास्नं कानटोपी घालून फिरतोय. कालेजातली पोरं बघत्यात म्हनं. त्याला दावतो.”

मी सरांकडे बघितलं. गेल्या दीड वर्षात त्या वहीतलं एकही पान गेलं नव्हतं. सरांनी खिशातून कटर काढला, स्टीलची पट्टी काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

“फाडू नका, कापा,” ते म्हणाले. “शिवणीपासून बोटभर जागा सोडा, म्हणजे जोडपान सुटणार नाही.”

पट्टी धरून मी सावकाश कापलं. मामांनी फिक्सेटिव्हचे दोन हात मारले आणि ताईंनी वर बटर पेपर घालून दिला. पान देताना मी म्हटलं, “वस्ताद, चेहरा चुकलाय, तो झाकून दाखवा.” ते म्हणाले, “कशाला? हाय तसं दावनार.”

ते गेल्यावर मी वही उघडली. त्या जागी कागदाची बोटभर पट्टी उभी होती आणि तिच्या कडेला करड्या पुडीचा एक पुसट डाग होता. जोडपान घट्ट होतं. नियमाप्रमाणे मी त्या पट्टीवर तारीख घातली, खाली लिहिलं, ‘डोळे जवळ, जबडा अरुंद. कान दिला.’ आणि पुढचं पान उघडलं.