मागचा पंख

पावसाळा लागला की प्रस्तुत लेखकाच्या मोबाइलवर एकच फोटो पुन्हा पुन्हा येतो: भिंतीला चिकटलेला डेथ्स-हेड हॉकमॉथ, पंख मिटलेले, पाठीवर पिवळट कवटी. खाली प्रश्न, 'सर, कुठला?' दारातूनच नाव सांगण्याची त्याला भारी मिजास. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, पिवळ्या-तपकिरीतला फरक पुसट झाला, तरी मिजास उतरलेली नाही.

अकेरॉन्शिया स्टिक्स की अकेरॉन्शिया लॅकेसिस, एवढाच गुंता. लॅकेसिस अंगाने मोठा, पंखांचा विस्तार कधी १३ सेंटिमीटरपर्यंत. पण दांडगा स्टिक्स आणि खुरटा लॅकेसिस समोर आले की मोजपट्टी कुचकामी. कवटी दोघांनाही. निकाल लागतो तो मागच्या पंखाच्या बुडाशी. लॅकेसिसचं बूड काळं, स्टिक्सचं पिवळं, आणि त्या पिवळ्यावर गडद पट्टे. नेमका हाच पंख पुढच्या पंखाखाली झाकलेला! गवताची काडी हलकेच लावली तर पतंग पंख उचलतो आणि उंदरासारखा चिरकतो. हवा आत ओढून आखूड सोंडेतून बाहेर सोडली की तो आवाज निघतो. बूड दिसतं ते तेवढंच, क्षणभर. कॅमेरा सावरेपर्यंत पंख पुन्हा मिटलेले.

टी. आर. बेल यांना ही घाई नव्हती. तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, कारवारला, वनखात्याची नोकरी सांभाळून त्यांनी अळ्या पाळल्या. स्कॉट यांच्यासह लिहिलेला त्यांचा हॉकमॉथवरचा ग्रंथ १९३७ साली निघाला. आता तिळाची ताजी पानं रोज आणून अळी कोण वाढवतो? पांढरा पडदा, यूव्ही दिवा, फ्लॅश, आणि उजाडायच्या आत नावांची लांबलचक यादी. वर्तमानपत्रांची तर तऱ्हाच निराळी. हाताएवढा पतंग दिसला की 'ॲटलास'! दक्षिण भारतातला ॲटॅकस टॅप्रोबॅनिस वेगळी प्रजाती मानतात, हे बातमीत क्वचितच येतं.

लेखकाकडे शिकायला येणारी मुलगी मात्र भिंतीवरच्या फोटोखाली सरळ लिहिते, 'अकेरॉन्शिया, प्रजाती नक्की नाही.' विचारलं तर म्हणते, 'सर, मागचा पंख दिसतच नाहीये ना.'

बरोबरच आहे तिचं. तरी झोंबतं. तो फोटो ताणून मोठा करतो, चष्मा पुसतो, पोटाच्या कडेचे पट्टे निरखतो आणि तिला उत्तर धाडतो, 'स्टिक्सच असावा.' 'असावा' हा शब्द त्याने हल्ली, नाइलाजाने, घ्यायला सुरुवात केली आहे.