बस, एवढंच करून घे

आमच्या हिंगोलीकडं मोटरसायकलच्या नादी लागलेल्या पोरांचं एक ठरलेलं वाक्य आहे : "बस, एवढंच करून घे, मंग बघ गाडी!" शाळेत होतो तेव्हापासून ते ऐकतो आहे. 'एवढंच' करून थांबलेला माणूस मात्र क्वचितच भेटला.

लहानपणी गावात मोटरसायकल म्हणजे राजदूत. दूधवाल्याची, नाहीतर गुरुजींची. तिच्यात बदल व्हायचे ते कामापुरते. कॅन अडकवायला दोन्ही बाजूंनी लोखंडी हूक, मागं जाड सळईचं कॅरियर, सीटवर रेक्झिन. वेल्डिंग ओबडधोबड दिसतं याचं कुणाला सोयरसुतक नसे. पेंडीचं पोतं नीट बसलं की विषय संपला.

नाद आला तो आरएक्स 100 बरोबर. यामाहाची ही टू-स्ट्रोक गाडी 1985 साली बाजारात आली आणि 1996 मध्ये बंद झाली. इंजिन 98 सीसीचं, ताकद 11 हॉर्सपॉवर. पण अंगानं इतकी हलकी, की मूठ पिळली की पुढचं चाक उचलू पाहायची. माझ्या वाट्याला आली ती सेकंडहँड, परभणीच्या एमएच 22 पासिंगची. 1 मे 1999 ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला, आम्हाला एमएच 38 मिळालं, तरी त्या जुन्या नंबराची ऐट काही औरच होती.

संध्याकाळी मिस्त्रीच्या गॅरेजसमोर बैठक बसायची. "सायलेन्सरची जाळी कामून ठेवलीस?" कुणीतरी विचारायचं. जाळी निघायची, आवाज फुटायचा आणि औंढ्याच्या रस्त्यावर चढ लागला की गाडी ओढायची नाही. मिस्त्री हात पुसत सांगायचा, टू-स्ट्रोकचा सायलेन्सर नुसता आवाज दाबत नाही. त्याच्या पोटातून उलटी फिरणारी दाबाची लाट सिलिंडरमधून निसटणारं ताजं पेट्रोल परत आत ढकलते. आतली रचना बिघडली की ती लाट वेळेवर पोचत नाही. मग कार्बोरेटरचा जेट बदला. जेट मोठा झाला की प्लग काजळतो. गेलेली ओढ परत आणायला पुढचं स्प्रॉकेट कमी दातांचं टाका. पिकअप येतो, पण मोकळ्या रस्त्यावर इंजिन नुसतं ओरडतं. रुंद टायर टाकला की तो चेनला घासू लागतो. पुढचं चाक लहान केलं, तर त्याच्यावरच चालणारा स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो, आणि तो आकडा बघून सगळे खूश! बाजेची एक सुतळी ताणली की शेजारची ढिली पडते, तसं हे काम. कारखान्यातून आलेल्या गाडीत सगळ्या भागांनी एकमेकांशी जुळवून घेतलेलं असतं. आपण त्यातल्या एकालाच उठवून बसवतो.

एकट्या माणसाला त्याची गाडी पुरते. चार गाड्या शेजारी उभ्या राहिल्या की प्रत्येकीत काहीतरी कमी दिसायला लागतं. पण त्या संगतीला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. कुणी नांदेडहून पार्ट आणताना आपलाही आणायचा, कुणी रात्री अकराला पाना धरून उभा राहायचा. इंजिनचा आवाज ऐकून दुखणं ओळखायला मी तिथंच शिकलो.

लग्नानंतर घरातून गाडीची पहिली तपासणी झाली ती एका प्रश्नानं : "साडीगार्ड कुठंय?" गाडी 'मोकळी' दिसावी म्हणून पोरं आधी तेच काढतात. वास्तविक 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 123 व्या नियमानं मागं बसणाऱ्यासाठी धरायला आधार, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि निम्मं चाक झाकणारं संरक्षण सक्तीचं आहे. साडीगार्ड परत लागलं. त्यानंतर ते काढायचा विषयच निघाला नाही.

आता जमाना बुलेटचा. फटाके फोडणारा सायलेन्सर, 8055 मधून 'बॉस' वाचायला लावणारी रेडियमची नंबरप्लेट. कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं 5000 रुपये दंड ठेवला. पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून रोडरोलर फिरवतात. तरी गॅरेजसमोर 'एवढंच' चालूच असतं.

याच बुलेटचं मागचं चाक काढून गुजरातेतल्या अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगाणींनी 1994 मध्ये कोळपणीचं यंत्र बनवलं, 'बुलेट सांती'. बैल परवडेनात, म्हणून गाडी शेतात उतरली. आमच्या दूधवाल्याचा हूक त्याच जातीचा. कामासाठी केलेला बदल काम झालं की थांबतो. बघणाऱ्यांसाठी केलेल्या बदलाला थांबायला जागाच नसते, कारण बघणारे रोज नवे.

तेव्हा पोरांनो, हौस जरूर करा. फक्त पैसे आधी ब्रेकच्या लायनरवर, टायरवर आणि हेडलाइटवर घाला. रेडियम लावायचंच असेल, तर मागच्या मडगार्डवर लाल पट्टी लावा. चौकातल्या दोस्तांना दिसला नाहीत तरी चालेल. रात्री मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला दिसलं पाहिजे.