हिंडलग्याचं ऊन आणि राहून गेलेल्या जागा

बेळगावच्या कॅम्पातून वेंगुर्ला रस्त्यानं निघालं की हिंडलगा येईपर्यंत ऊन फारसं जाणवत नाही. कॅम्पातली जुनी झाडं सावली धरून असतात. गाव मागं पडून सुळगा-उचगावच्या बाजूचं शिवार लागलं की मात्र डोक्यावर काही उरत नाही.

मे महिन्यात सुट्टीला आलेली मंडळी इथंच फसतात. बेळगाव अडीच हजार फुटांच्या आसपास उंचीवर, पश्चिमेचा वारा सुटलेला, मुंबईसारखा घाम नाही. मग ऊन कसलं, असं वाटतं. पण अतिनील किरणांना वाऱ्याचं काही देणंघेणं नाही. उलट उंचीबरोबर ते थोडे वाढतातच, हजार मीटरला साधारण 10 टक्के. संध्याकाळी आंघोळीला पाणी अंगावर घेतलं की कळतं, मान चरचरतेय.

सनस्क्रीन लावलं होतं की! लावलं होतं, गालांना आणि नाकाला. मेच्या पहिल्या आठवड्यात इथं दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी माथ्यावर येतो, उभ्या काठीची सावलीसुद्धा पायाशी नाहीशी होते. असं ऊन गालांवर कमी आणि वरून उघड्या जागांवर जास्त पडतं: केसांचा भांग, कानांच्या कडा, खांदे, खाली वाकल्यावर मानेची मागची बाजू, चपलेतली पावलं. नेमक्या याच जागा आपण विसरतो. चेहऱ्याचंही तसंच. 2017 साली लिव्हरपूल विद्यापीठात लोकांना नेहमीसारखं सनस्क्रीन लावायला सांगून खास कॅमेऱ्यानं फोटो काढले, तर चेहऱ्याचा जवळजवळ दहावा भाग कोराच निघाला. पापण्या आणि डोळ्यांचे नाकाकडचे कोपरे सर्वांत जास्त. म्हणून तिथं गॉगलच बरा.

बाकी ठिकाणी कंजुषी नको. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर लांबीभर दोन रेघा एवढं लागतं. एकाच जागी थापून ओढत नेण्यापेक्षा सगळीकडे ठिपके द्यावेत, मग पसरावं आणि वर आणखी एक पातळ हात फिरवावा. पहिल्या वेळी राहिलेलं त्यात भरून निघतं. पाठ आणि मान दुसऱ्याकडून लावून घ्यावी. निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, आणि पुढं दर दोन तासांनी, घाम पुसला तर त्याआधीही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र क्रीम नको, सावली आणि सुती कपडे. आणि हो, ही गोरं व्हायची क्रीम नव्हे. सावळी कातडीही भाजते, फक्त लाली लवकर दिसत नाही.

मेअखेरीस या शिवारात भाताची धूळवाफ पेरणी चालू असते. तिथल्या बायका बघा. साडीवर घरातल्या कुणाचा तरी जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यावरून कान-मान झाकत घेतलेला पदर. पुरुषांच्या डोक्यावर टॉवेल, कारण गांधी टोपीखाली कान उघडे राहतात. आपल्या बाटलीतून राहून गेलेल्या सगळ्या जागा यांनी कापडानं झाकलेल्या असतात, आणि कापड घामानं धुऊन जात नाही. शहरातून आलेल्या पोरांना तो वेश गबाळा वाटतो, तो भाग वेगळा.

तेव्हा मुलांना बांधावर नेताना सकाळी लवकर किंवा साडेचारनंतर न्यावं. टोपी सगळीकडून काठ असलेली घ्यावी. क्रिकेटची कॅप नको, तिच्यात कान उघडेच राहतात.