पांदणीवरची सायकल

वाशिम जिल्ह्याचा नकाशा नद्यांच्या अंगाने वाचला की एक मौज ध्यानात येते. उत्तरेकडे पडलेले पावसाचे पाणी काटेपूर्णेतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला मिळते आणि अरबी समुद्रात जाते. दक्षिणेकडचे पाणी पैनगंगेच्या वाटेने गोदावरीकडे वळते आणि बंगालच्या उपसागरापर्यंत पोहोचते. हा मुलूख पाणलोटाच्या माथ्यावर वसलेला आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे येथे हळूहळू निवत जातात. चढ आहेत, पण दमछाक करणारे थोडे. उतार आहेत, पण बहुतेक समंजस. उतारवयातील सायकलस्वाराला याहून सोयीची भूमी विदर्भात क्वचितच मिळेल, असे माझे मत आहे. मी वाशिमचाच असल्यामुळे ते थोडे पक्षपाती समजावे.

समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो. त्यावर सायकलीला मज्जाव आहे, आणि ते बरेच आहे. आपला मार्ग वेगळा, पांदणीचा. दोन शिवारांच्या मधून बैलगाड्यांनी घडवलेली ही वाट गावोगावी आहे. डांबर संपले की एका बाजूला तूर, दुसऱ्या बाजूला कपाशी, मध्ये दोन खोल चाकोऱ्या आणि त्यांच्या मधोमध गवताचा पट्टा. वाशिम शहराला पाणी पुरवणाऱ्या एकबुर्जी जलाशयाच्या दिशेने सकाळी निघाले, तर अशा वाटांवर तासभरात ट्रॅक्टरपेक्षा बगळेच अधिक भेटतात. कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याभोवतीचा माळही असाच मोकळा आहे; मात्र अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीवाचून शिरू नये.

‘माउंटन बाइक’ हे नाव ऐकून ज्येष्ठांनी दचकण्याचे कारण नाही. या सायकलीचा जन्म अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात, १९७०च्या दशकात झाला. तेथील काही तरुण १९३०–४०च्या काळातील जाडजूड जुन्या सायकली दुरुस्त करून डोंगरातल्या कच्च्या वाटांवरून खाली सोडत. १९७६ साली त्यांनी ज्या उतारावर शर्यत घेतली, त्याचे नावच ‘रीपॅक’ पडले. कारण एका फेरीत ब्रेकमधील ग्रीस तापून जळे आणि ते पुन्हा भरावे लागे. आपल्याकडे दोन कॅन लटकवून पांदणीने गावात येणारा दूधवाला हेच साहस रोज करीत होता, फक्त त्याला शर्यतीचे नाव नव्हते.

माझी स्वतःची सायकल स्कूटर आली त्या वर्षी सुटली. पुन्हा हाती आली ती सदुसष्टाव्या वर्षी, मधुमेह जडल्यानंतर. घरात विरोध झाला. मुलाचे म्हणणे साधे होते: ‘‘बाबा, या वयात खुबा मोडला तर?’’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या आळीत खुब्याच्या हाडाने अंथरुणाला खिळलेली माणसे आहेत, आणि त्यांची सेवा करून थकलेल्या सुनाही आहेत. म्हणून सायकल घेण्याआधी आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाब, डोळे, तोल, हाडांची स्थिती असे सारे पाहून झाले आणि मगच दुकान गाठले. काळजी घेणाऱ्यांना माझी विनंती अशी, की थेट ‘नको’ म्हणण्याऐवजी या तपासणीला सोबत जावे. नकार द्यायचाच असेल तर तो कारणासह देता येतो.

माझ्या एका मित्राला असाच सकारण नकार मिळाला. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी त्याला रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. साधे पडणेही डोक्यात रक्तस्राव घडवू शकते, म्हणून डॉक्टरांनी खडबडीत वाट त्याला वर्ज्य केली. सपाट, कमी रहदारीच्या रस्त्यावर हेल्मेट घालून हळू चालवण्यास हरकत घेतली नाही. त्याला ते लागले. दोन आठवडे तो बोलला नाही.

आता सामग्री. दुकानदार प्रथम दाखवतो ती पुढे-मागे ‘शॉकअप’ असलेली, रंगीबेरंगी सायकल. स्वस्त सायकलीत मागचा शॉकअप म्हणजे बहुधा नुसते ओझे. चढावर पायाची शक्ती तोच गिळतो. पुढे बेताचा शॉकअप, मागे काही नाही, ही रचना आपल्याला पुरते. त्याहून महत्त्वाची आहे ती फ्रेम. आडवी दांडी खाली झुकलेली हवी. सायकलीवरून उतरून दोन्ही पाय जमिनीवर टेकल्यावर दांडी आणि शरीर यांत चांगले दोन-तीन इंच अंतर राहावे. ज्यांना पाय उंच टाकता येत नाही त्यांनी जिला आपण ‘लेडीज सायकल’ म्हणत आलो तशी दांडीविरहित फ्रेम निःसंकोच घ्यावी.

सीटच्या उंचीवर मात्र जरा थांबावे लागेल. सीट खाली असली तर पाय पटकन टेकतो, मन निर्धास्त राहते. पण गुडघा सतत जास्त वाकतो आणि वाटीवर ताण येतो. सीट वर घेतली तर गुडघा सुखावतो आणि तोल धास्तावतो. पेडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा, हे अंतिम माप. पहिले काही आठवडे सीट खालीच ठेवावी, फेऱ्या आखूड ठेवाव्यात, आणि धीर येईल तशी ती बोट-बोट वर न्यावी. सीटखाली हाताने सैल करता येणारी कळ असेल तर खडबडीत उतारापूर्वी थांबून ती पुन्हा खाली घेता येते.

ब्रेक डिस्कचे असावेत. तेलावर चालणारे ब्रेक बोटांच्या अल्प जोरावर लागतात, संधिवाताच्या हातांना ते वरदान आहेत. पण लहान गावात त्यांचा जाणकार मिस्त्री मिळेलच असे नाही. बोटांत पकड असेल तर तारेचा डिस्क ब्रेक बरा. कोणती दांडी पुढच्या चाकाची, हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे आणि उतारावर एकटा पुढचा ब्रेक कधी आवळू नये.

टायर दोन इंचांच्या आसपास रुंद असावा आणि त्यात हवा ठणठणीत भरू नये. किंचित मऊ टायर दगडांचे हादरे मनगटापर्यंत पोहोचू देत नाही. बाभळीच्या काट्यांना मात्र रुंदी-अरुंदीचा मुलाहिजा नसतो. ट्यूबमध्ये काट्याचे छिद्र आपोआप बुजवणारा द्रव भरून घ्यावा, शिवाय एक सुटी ट्यूब आणि छोटा पंप बाळगावा.

पण या भागातील खरी परीक्षा काळ्या मातीची आहे. पावसानंतर ती चाकाला अशी लपेटते, की टायर आणि फोर्क यांच्यात गच्च भरून चाकच थांबते आणि सायकल खांद्यावर घेण्याची पाळी येते. यावर कोणतीही महागडी वस्तू चालत नाही. शेतात वाफसा आला की पांदणही चालवण्याजोगी होते, हे शेतकऱ्याचे माप पाळावे. पावसाळ्यात डांबरी रस्ता पत्करावा. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते आणि चाक भेगेत अडकते; तेव्हा ऊनही असह्य असते. दिवाळीनंतर पळस फुलेपर्यंतचा काळ आपला. वाळलेल्या चाकोरीत चाक गेलेच तर हँडल झटकून बाहेर काढण्याची खटपट करू नये. वेग कमी करून पाय टेकावा आणि उतरून बाहेर यावे. चाकोरी सोडणे या वयात उतरूनच साधते.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर, सपाट बसावे. उन्हासाठी गुंडाळलेल्या दुपट्ट्याची टोके आत खोचावीत. लोंबते टोक चाकात जाते, पायजम्याची कड चेनमध्ये. पातळ हातमोजे, धुळीसाठी चष्मा, खरखरीत तळाचे बंद बूट, घंटा. बस्स.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखरेच्या पुड्या ठेवाव्यात. घाम, थरथर, छातीत धडधड ही श्रमाची लक्षणे वाटतात, पण ती साखर उतरल्याचीही असतात. अशा वेळी थांबून आधी साखर खावी. रक्तदाबाच्या काही औषधांमुळे नाडी फारशी वाढत नाही, म्हणून मनगटावरच्या घड्याळापेक्षा आपल्या बोलण्यावर विश्वास ठेवावा: बोलता यावे, गाता येऊ नये, इतका श्रम पुरे. सायकलीने हृदय आणि मांड्या बळावतात, पण हाडांवर शरीराचा भार फारसा पडत नाही. त्यामुळे चालणे आणि तोलाचे व्यायाम सोडू नयेत. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम आणि ज्येष्ठांनी तीन दिवस तोलाचे व्यायाम, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

घरी आमचा करार ठरलेला आहे. कोणत्या पांदणीने जाणार ते दिनदर्शिकेवर लिहायचे, मोबाइलवर ठिकाण मुलाला दिसू द्यायचे, खिशात औषधांची चिठ्ठी ठेवायची, आणि परतीची वेळ टळली तर त्याने फोन करायचा. मी त्यावर चिडायचे नाही. शेवटची अट सर्वांत अवघड आहे.

मित्र आता पुन्हा सोबत येतो. डांबर संपते तेथे चहाची टपरी आहे. तो तेथे सायकल लावून वर्तमानपत्र उघडतो, मी पुढे पांदणीत वळतो. चाळीस मिनिटांनी परतलो की तूर कितपत फुलावर आली, हे तो आधी विचारतो आणि मग चहा सांगतो.