हाइड पार्कचें दप्तर

घरांतील कर्ता पुरुष निवर्तला म्हणजे वर्षश्राद्ध उरकण्याच्या आंतच त्याच्या शेतवाडीची, दागिन्यांची व भांड्याकुंड्यांची वांटणी बहुधा होऊन जाते. समई कोणाच्या वांट्याला गेली आणि घंगाळ कोणीं नेलें, ह्याची आठवण पुढें दोन पिढ्या टिकते. कोणीच मागत नाहीं अशी वस्तु एकच. ती म्हणजे माळ्यावरील कागदांचें बोचकें. पत्रें, जमाखर्चाच्या वह्या, टिपणें, जन्मपत्रिका हें सारें एका धडप्यांत बांधलेलें असतें, आणि एखाद्या दिवाळीच्या झाडलोटींत तें रद्दीवाल्याच्या तराजूंत जातें. जी गत घराची तीच राष्ट्राची. थोर पुरुषाचा पुतळा उभारण्यास वर्गणी मिळते. त्याचे कागद संभाळण्यास कपाटही मिळत नाहीं. ह्या बाबतींत अमेरिकेंतील एका लहानशा गांवीं जें आम्हीं पाहिलें, तें वाचकांस सांगावें असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

आमचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त न्यू जर्सी प्रांतांत राहतात. त्यांच्याकडे आमचा चार महिने मुक्काम होता. उंच इमारती पाहून झाल्या, तेव्हां सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, तुम्हांला इमारतींपेक्षां जुने कागद पाहण्याची हौस. तुम्हीं हाइड पार्कला जाऊन यावें.” त्याप्रमाणें आम्ही उभयतां एके दिवशीं सकाळीं न्यू यॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावर आगगाडींत बसलों.

ही गाडी हडसन नदीच्या पूर्व कांठानें उत्तरेस जाते. जाणारानें डावीकडील खिडकी धरावी, म्हणजे दोन तास नदीची संगत सुटत नाहीं. प्रथम पलीकडच्या तीरावर काळ्या कड्यांची भिंत दिसते; पुढें डोंगर दोन्हीं बाजूंनीं पाण्यापर्यंत उतरतात. ह्या नदींत समुद्राची भरती सुमारे दीडशें मैल आंतपर्यंत चढते. तेथील मूळच्या रहिवाश्यांनीं म्हणूनच तिला दोन्हीं दिशांनीं वाहणारी नदी असें नांव दिलें होतें. आम्हां कोंकणांतल्या माणसांस खाडीची ओळख असल्यामुळें हें पाणी परकें वाटलें नाहीं. पोकिप्सी येथें उतरून मोटारीनें पांचसहा मैल गेलें कीं हाइड पार्क लागतें.

अमेरिकेचे बत्तिसावे अध्यक्ष फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट ह्यांचा जन्म ह्याच गांवीं ३० जानेवारी १८८२ रोजीं झाला. त्यांच्या घराचें नांव ‘स्प्रिंगवुड’. १९३३ पासून १९४५ पर्यंत बारा वर्षें, म्हणजे मोठ्या मंदीच्या व दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, हे गृहस्थ राष्ट्राध्यक्ष होते. पण ह्या घराची मालकी मात्र त्यांच्या मातोश्री सेराबाई ह्यांच्याकडे, त्या १९४१ सालीं वारल्या तोंपर्यंत होती. घरांत शब्द चाले तो सासूबाईंचा. सूनबाई एलिनॉर ह्यांनीं दोन मैलांवर ‘व्हाल-किल’ येथें आपल्या मनाजोगें वेगळें बिऱ्हाड थाटलें, आणि पतीच्या निधनानंतर त्या तेथेंच राहिल्या. हें ऐकून आमच्या मंडळींनीं आमच्याकडे पाहून स्मित केलें. त्याचा अर्थ वाचकभगिनींस सांगावयास नकोच.

१९२१ च्या आगस्टांत, वयाच्या एकुणचाळिसाव्या वर्षीं, रूझवेल्टांचे पाय पक्षाघातानें कायमचे गेले. स्वयंपाकघरांतील साध्या खुर्चीस चाकें लावून त्यांनीं आपली गाडी करून घेतली होती. सामानसुमान वर नेण्याचा एक पाळणा घरांत आहे, त्यांत बसून ते आपल्या हातांनीं दोर ओढून वर जात. पाय न वापरतां चालवितां यावी अशी करून घेतलेली त्यांची १९३६ सालची फोर्ड मोटार जवळच्या संग्रहालयांत ठेविली आहे.

घरापासून थोड्याच पावलांवर ग्रंथसंग्रहालय आहे. येथें ग्रंथ पुष्कळ आहेत. पण त्याचा खरा ठेवा दप्तराचा. त्याचें महत्त्व कळण्यास पूर्वीची रीत सांगितली पाहिजे. अमेरिकेंत अध्यक्ष पदावरून उतरला कीं त्याचे सर्व कागद तो आपली खासगी मालमत्ता म्हणून घरीं नेई. वॉशिंग्टन ह्यांचे कागद पुतण्याकडे गेले, व तेथून मागेल त्यास उसने देण्यांत व भेट देण्यांत पुष्कळ पांगले. चेस्टर आर्थर ह्यांनीं १८८६ सालीं मृत्यूपूर्वीं आपले बहुतेक कागद जाळविले. लिंकन ह्यांच्या चिरंजिवांनीं वडिलांचे कागद राष्ट्रीय ग्रंथालयास दिले खरे, पण आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षें ते उघडूं नयेत अशी अट घातली. त्यामुळें ते १९४७ सालीं प्रथम उघडले. इतक्या मोठ्या राष्ट्राच्या स्मृतीची किल्ली अशी मुलापुतण्यांच्या कनवटीस असे.

रूझवेल्ट ह्यांस संग्रहाचा नाद लहानपणापासून होता. टपालाचीं तिकिटें, गलबतांच्या प्रतिकृति, आरमाराचीं चित्रें व ग्रंथ त्यांनीं आयुष्यभर जमविले. सरकारी दप्तरखान्याचा कायदाही १९३४ सालीं त्यांच्याच सहीनें झाला. डिसेंबर १९३८ मध्यें त्यांनीं जाहीर केलें कीं, आपले सर्व कागद आपण राष्ट्रास देणार. वडिलार्जित जमिनीपैकीं सोळा एकर जागा ह्या कामास देणार. इमारत लोकांच्या वर्गणींतून होईल व पुढील जोपासना सरकारनें करावी. विरोधकांनीं टीका केली कीं, हा मनुष्य जिवंतपणींच आपलें देऊळ बांधीत आहे. ही टीका अगदींच निराधार होती असें आम्हांस म्हणवत नाहीं; आपली कीर्ति मागें राहावी ही इच्छा मोठ्या माणसांसही सुटत नाहीं. तथापि ज्याला केवळ स्तुतीच हवी असते, तो आपले कागद परक्याच्या हातीं देत नाहीं.

नोव्हेंबर १९३९ मध्यें कोनशिला बसली व ३० जून १९४१ रोजीं इमारत लोकांस खुली झाली. रूझवेल्टांचे पूर्वज डच. म्हणून त्या वसाहतवाल्यांच्या जुन्या घरांप्रमाणें, त्याच मुलखांतील ओबडधोबड दगडांची, उतरत्या छपराची ही इमारत आहे. तिचा कच्चा आराखडा अध्यक्षांनीं स्वतः काढिला होता. आंत त्यांची अभ्यासिका आहे. युद्धाच्या धामधुमींतही ते येथें येऊन कागद लावीत बसत, व येथूनच रेडिओवरून देशबांधवांशीं बोलत. पदावर असतांना आपल्या ग्रंथसंग्रहालयांत काम केलेले अध्यक्ष ते एकटेच.

दप्तरांत सुमारें एक कोटी सत्तर लक्ष पानें आहेत. त्यांत राजेरजवाड्यांचीं व सेनापतींचीं पत्रें आहेतच. परंतु आमचें मन वेधिलें तें सामान्य माणसांच्या पत्रांनीं. मंदींत रोजगार गेलेले कामकरी, शेत गहाण पडलेले शेतकरी, विधवा बाया, शाळकरी मुलें ह्यांचीं पत्रें दिवसास हजारोंनीं येत. १९३५ सालीं अध्यक्षांनीं देशांतील धर्मोपदेशकांस पत्र पाठवून आपापल्या गांवची खरी स्थिति कळविण्यास सांगितलें. त्यांचीं उत्तरेंही जपून ठेविलीं आहेत. राजाच्या बखरींत रयतेचा आवाज क्वचित् ऐकूं येतो. येथें तो पेट्याच्या पेट्या भरून आहे.

दुसरा एक कागद प्रत्येक शिक्षकानें पाहावा असा आहे. ७ डिसेंबर १९४१ रोजीं जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला, त्या दिवशीं अध्यक्षांनीं दुसऱ्या दिवशींच्या भाषणाचा मसुदा सांगितला. ही तारीख जगाच्या इतिहासांत राहील, अशा अर्थाचे शब्द प्रथम टंकलेले होते. रूझवेल्टांनीं ते आपल्या हातानें खोडून दुष्कीर्तीचा वाचक असा एकच शब्द तेथें घातला, आणि तोच जगाच्या लक्षांत राहिला. योग्य शब्द पहिल्या प्रयत्नांत सांपडतो असें नाहीं, हें आम्ही वर्गांत कंठशोष करून सांगत असूं. तो खोडलेला कागद तें एका दृष्टिक्षेपांत सांगतो.

कागद केवळ ठेवून भागत नाहीं, तो हवा तेव्हां सांपडला पाहिजे. येथील अभ्यासकाची शिस्त कडक आहे. शाईची लेखणी वर्ज्य, शिसपेन्सिल चालते. एका वेळीं एकच पेटी उघडावयाची, तींतील एकच पुडकें बाहेर काढावयाचें, आणि कागदांचा मूळ क्रम यत्किंचितही बदलावयाचा नाहीं. कारण कोणता कागद कोणाशेजारीं होता, हाही एक पुरावाच असतो. क्रम चुकला तर काय होतें, ह्याचें उदाहरण ह्याच दप्तरांत आहे. सप्टेंबर १९४४ मध्यें इंग्लंडचे प्रधान चर्चिल हाइड पार्कास आले असतां दोघांनीं अणुबाँबविषयीं एक गुप्त करार केला. त्या कामास ‘ट्यूब अलॉइज’, म्हणजे नळ्यांचे मिश्रधातु, असें मुद्दाम दिशाभूल करणारें नांव होतें. त्या नांवानें कोणी कारकून फसला असावा. आरमारी नळ्यांचा हा कागद अशा समजुतीनें तो अध्यक्षांच्या आरमारी सहायकाच्या दप्तरांत गेला, आणि अमेरिकेकडील प्रत कित्येक वर्षें सांपडेना.

आपल्या देशाचा संबंधही ह्या दप्तराशीं आहे. १९४२ च्या एप्रिलांत क्रिप्ससाहेबांची बोलणीं चालूं असतां रूझवेल्टांचे प्रतिनिधि कर्नल लुई जॉन्सन दिल्लींत होते, आणि हिंदुस्थानास स्वराज्याचे अधिकार द्यावे म्हणून रूझवेल्टांनीं चर्चिल ह्यांस तारा केल्या. त्याच वर्षीं जुलैंत महात्माजींनीं सेवाग्रामाहून रूझवेल्टांस पत्र लिहिलें. १९४३ सालीं महात्माजी पुण्यास आगाखान महालांत बंदिवान असतां नवे प्रतिनिधि विल्यम फिलिप्स ह्यांनीं त्यांची भेट मागितली. व्हाइसरॉयनीं ती नाकारिली. फिलिप्स ह्यांनीं हिंदी जनतेच्या बाजूनें अध्यक्षांस स्पष्ट लिहिलें. रूझवेल्टांनीं चर्चिल ह्यांच्याशीं तुटेपर्यंत मात्र ताणलें नाहीं. सहानुभूति कोठपर्यंत गेली व कोठें थबकली, हें त्या पत्रव्यवहारावरून कळतें.

एलिनॉरबाईंच्या कागदांसाठीं १९७२ सालीं इमारतीस दोन नवीं अंगें जोडण्यांत आलीं. मानवी हक्कांचा जाहीरनामा ज्या समितीनें तयार केला तिच्या त्या अध्यक्षा होत्या. तींत हिंदुस्थानच्या प्रतिनिधि, मुंबईच्या कायदेमंडळांत काम केलेल्या हंसाबाई मेहता होत्या. ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ होऊं शकणारा इंग्रजी शब्द बदलून ‘सर्व मानव’ असा शब्द आला तो हंसाबाईंच्या आग्रहामुळें. १० डिसेंबर १९४८ रोजीं तो जाहीरनामा मंजूर झाला.

आतां ज्या गोष्टीमुळें ह्या स्थळाविषयीं आमचा आदर वाढला, ती सांगतों. १९ फेब्रुवारी १९४२ रोजीं रूझवेल्टांनीं एका हुकुमावर सही केली. त्यामुळें जपानी वंशाच्या सुमारें १,२०,००० माणसांस घरेंदारें सोडून तारेच्या कुंपणांत राहावें लागलें. त्यांपैकीं बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. पुढें सरकारी दप्तरांतील कागद चाळून नेमलेल्या आयोगानें हा अन्याय होता असें ठरविलें, आणि १९८८ सालीं कायद्यानें राष्ट्रानें क्षमा मागितली. नाझींच्या छळांतून पळालेल्या ज्यू लोकांस आश्रय देण्यांत अमेरिकेनें जी कुचराई केली, तिचाही पुरावा दप्तरांत मिळतो. हें झांकलेलें नाहीं. खुद्द रूझवेल्टांनीं १९४३ सालीं संग्रहालयाच्या संचालकांस कळविलें होतें कीं, दप्तर खुलें होण्यापूर्वीं खासगी कागद आपण स्वतः पाहून वेगळे काढूं. परंतु १२ एप्रिल १९४५ रोजीं त्यांस मृत्यु आला, आणि तें निवडणें त्यांच्या हातून राहून गेलें. १९५० सालीं बहुतेक दप्तर अभ्यासकांस खुलें झालें. दात्यानेंही आपलें दान परत चाळूं नये, असाच जणूं काळाचा निर्णय झाला.

ह्या नमुन्यावर १९५५ सालीं कायदा होऊन पुढच्या अध्यक्षांचीं ग्रंथसंग्रहालयें निघालीं. तरी तें दान ऐच्छिकच होतें. निक्सन ह्यांच्या ध्वनिफितींचा तंटा झाल्यावर १९७८ सालीं दुसरा कायदा झाला, व १९८१ पासून अध्यक्षांचे कामकाजाचे कागद राष्ट्राच्या मालकीचे झाले. एकाच्या औदार्यानें आरंभ झाला, पण स्थैर्य आलें तें नियमानें.

घर व ग्रंथसंग्रहालय ह्यांच्या मध्यें गुलाबांचा बाग आहे. तेथें पांढऱ्या संगमरवराचा एक साधा चिरा आहे. त्यावर पतिपत्नींचीं नांवें व जन्ममृत्यूचीं वर्षें, एवढेंच. पदवी नाहीं, पराक्रम नाहीं, स्तुतीचा श्लोक नाहीं. बाकीचें सर्व शेजारच्या पेट्यांत आहे. ज्यास निवाडा करावयाचा त्यानें तेथें जाऊन करावा.

आपल्याकडे हा धर्म कोणीं पाळला नाहीं असें नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनीं गांवोगांव पायपीट करून वाड्यांतील दप्तरें मिळविलीं, १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्यांचा पहिला खंड काढिला, व १९१० सालीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेंत पुढाकार घेतला. रियासतकार सरदेसाई ह्यांनीं पेशवे दप्तर चाळून पंचेचाळीस भाग सिद्ध केले. ह्या मंडळींनीं शोधिले ते कागद कोणाच्या ना कोणाच्या माळ्यावरचेच होते. आणि त्यांच्या हातीं पडण्यापूर्वीं वाळवीनें, पावसानें व चुलीनें किती नेले, त्याची गणती नाहीं.

प्रत्येक कुळांत राष्ट्राध्यक्ष होत नाहीं. परंतु आजोबांची रोजनिशी, आत्याबाईंनीं सासरहून लिहिलेलीं पत्रें, दुष्काळांतील जमाखर्च हीं अनेक घरीं असतात. तीं तराजूंत घालण्यापूर्वीं घरांतील एका मोडी जाणणाऱ्या वृद्धास व एका तरुणास जवळजवळ बसवावें. पत्र कोणाचें, कोणास, कोणत्या सालचें, हें शिसपेन्सिलीनें पाठीवर लिहावें, आणि कोरड्या जागीं पेटींत ठेवावें. कुळाच्या चुकांचा कागद सांपडला तर तोही त्याच पेटींत असूं द्यावा. घरांतील वृद्धांचे डोळे चालत आहेत तोंवर हें काम उरकावें. पुढें पत्र हातीं असूनही कोणाचें तें सांगणारा उरणार नाहीं.