मौनाचा तपास

ओहायोचा प्रदीर्घ हिवाळा सरून वसंतागमाबरोबर अंगणातील गवत हां हां म्हणता घोट्यापर्यंत चढते, आणि नोव्हेंबरपासून छपराखाली उभे असलेले, वर बसून चालवावयाचे गवतकापणीचे यंत्र मात्र किल्ली फिरवूनही हूं की चूं करीत नाही, तेव्हा हातोडीपाना हाती घेण्यापूर्वी त्याच्यापुढे क्षणभर कान देऊन उभे राहावे, असे मला मनापासून वाटते. कारण त्याच्या मौनालाही जाती आहेत. किल्ली फिरताच घाईची खटखट सुरू झाली, तर बॅटरी उतरली आहे असे बहुधा समजावे. ‘खट्’ असा एकच ठोस ध्वनी उमटला, तर स्टार्टरला वीज जोडून देणाऱ्या सोलेनॉइडपर्यंत हुकूम पोहोचला, परंतु त्याची तामिली झाली नाही.

आणि काहीच ऐकू आले नाही, तर फ्यूज पाहून लगेच पेडलाकडे वळावे. ब्रेकचे पेडल पुरते दाबल्याखेरीज आणि पाती फिरवणारी कळ बंद असल्याखेरीज बहुतेक यंत्रांत स्टार्टरला वीज मिळतच नाही. पाती फिरत असताना चालक उठला, तर आसनाखालचा स्विच इंजिन तत्क्षणी बंद पाडतो. इंग्लंडात स्ट्राउडजवळ एडविन बडिंगने लोकरी कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून 1830 साली गवतकापणीचे यंत्र रचले, तेव्हा ते माणसाच्याच बळाने चालत होते, आणि माणूस थांबला की तेही थांबे. इंजिन आले आणि हा पहारा अपरिहार्य झाला. कंटाळून या स्विचांच्या तारा परस्पर जोडून टाकणारे लोक आहेत. त्यांचे ते कृत्य मला अक्षम्य वाटते, कारण ज्याला ते बिघाड समजतात, ती कोणाच्या तरी पावलांची वाहिलेली चिंता असते.

बॅटरीच्या टर्मिनलांवर पांढरट-हिरवा काट चढलेला असेल, तर ऋण बाजूची तार प्रथम सोडवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने तो घासून काढावा. पूर्ण भरलेली बॅटरी विसावलेल्या अवस्थेत सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते.

परंतु इंजिन गरगर फिरूनही पेट घेत नसेल आणि प्लगची ठिणगी स्वच्छ पडत असेल, तर संशय इंधनावर घ्यावा. अमेरिकेतील बहुतेक पेट्रोलात 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओल शोषते, आणि टाकीत महिनोन्महिने पडून राहिलेल्या पेट्रोलाचा उडून जाणारा अंश उडून गेल्यावर कार्ब्युरेटरच्या तळाशी राळेसारखा चिकट थर उरतो. ज्या पितळी जेटमधून इंधन वर चढते, त्याचे छिद्र सुईच्या अग्राएवढे. उजेडासमोर धरल्यास त्यातून प्रकाशाचा ठिपका दिसला पाहिजे. तो दिसेना, तर क्लीनरचा फवारा मारून, मोठे न होईल अशा बेताने, ते छिद्र मोकळे करावे, जुने पेट्रोल काढून ताजे भरावे. आणि पुढल्या नोव्हेंबरात यंत्र छपराखाली नेण्यापूर्वी ताज्या पेट्रोलात स्टॅबिलायझर घालून इंजिन काही मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे ते मिश्रण थेट कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचते.