लिलावाचा आकडा आणि पुढची सत्तावीस वर्षे

जुलै २०१५मध्ये इंडियन सुपर लीगच्या लिलावात मुंबई सिटीने सुनील छेत्रीला १ कोटी २० लाखांना घेतले आणि पुणे सिटीने युजिनसन लिंगडोहला १ कोटी ५ लाखांना. भारतीय फुटबॉलपटूला कोटीचा भाव आला, ही मोठी बातमी झाली. तो हंगाम ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरू झाला आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात संपला. अडीच-पावणेतीन महिन्यांच्या खेळाचा हा आकडा लोकांच्या मनात मात्र आयुष्यभराच्या कमाईचा आकडा होऊन बसला.

मी कर्जतला करसल्लागार म्हणून काम करते. माझ्याकडची बहुतेक माणसे दुकानदार, कंत्राटदार, फार्महाऊसवाले आणि रेल्वेतले निवृत्त कर्मचारी आहेत. खेळाडूंचे हिशेब माझ्याकडे दोन वाटांनी आले. मुंबईत खेळून निवृत्त झालेल्या काहींनी इकडे जमिनी घेतल्या, ती एक वाट. दुसरी वाट गुंडगे, दहिवली, खोपोलीच्या शिळफाट्याकडच्या आईबापांची. मुलगा पहाटेची लोकल पकडून मुंबईला सरावाला जातो, त्याच्या हातात पहिला करार पडला की ते कागद घेऊन येतात आणि विचारतात, "मॅडम, यात पोराचं आयुष्य निघेल ना?"

या प्रश्नाचे उत्तर पूर्वी सोपे होते. रायगडात कबड्डीमुळे ते घराघरात ठाऊक आहे: खेळावर नोकरी लागते. रेल्वे, पोलीस, बँक, महामंडळ. मुंबईचा फुटबॉलही अनेक दशके याच पायावर उभा होता. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, मध्य आणि पश्चिम रेल्वे, एअर इंडिया, आरसीएफ, बँक ऑफ इंडिया यांचे संघ कूपरेज मैदानावर उतरत. कॅलटेक्सने १९५८मध्ये रोव्हर्स चषक जिंकला. त्या पिढीतला नेव्हिल डिसोझा मला फार मोलाचा वाटतो. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, भारताने सामना ४-२ असा जिंकला आणि अखेर आपण चौथे आलो. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. आज असा खेळाडू कोट्यवधींत मोजला गेला असता. तेव्हा ऑलिम्पिक हौशी खेळाडूंचे होते, खेळाचे पैसे घेणे नियमात बसत नव्हते. कंपनीतली नोकरी हाच उत्पन्नाचा सरळ मार्ग होता. नेव्हिल १९८०मध्ये पन्नाशीही न गाठता गेला.

त्या व्यवस्थेत श्रीमंत कोणी झाले नाही, हे मान्यच आहे. पण गुडघा गेला तरी नोकरी जात नव्हती. भविष्य निर्वाह निधी होता, ग्रॅच्युइटी होती, बऱ्याच ठिकाणी पेन्शन होते. तेव्हाच्या खेळाडूची खरी कमाई मैदान सुटल्यानंतरच्या पंचवीस वर्षांच्या पगारात होती. ती कोणत्याही लिलावाच्या यादीत दिसणार नाही.

नंतर करार आले, पैसा वाढला आणि क्लब बंद पडू लागले. महाराष्ट्राने हे जितक्या जवळून पाहिले तितके क्वचितच कोणी पाहिले असेल. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१०मध्ये संघ बंद झाला. मुंबई एफसी २००७ ते २०१७ चालला. पुणे एफसी संपला, भारत एफसी एका हंगामात संपला, डीएसके शिवाजीयन्स संपला. एफसी पुणे सिटी २०१९मध्ये मिटला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. दहा वर्षांत दोन शहरांतले सहा व्यावसायिक संघ गेले! या खेळाडूंचे पुढे काय झाले, याची नोंद ठेवणे कोणाचेच काम नव्हते.

आता कराकडे येते, कारण पालकांना सर्वांत मोठा धक्का इथेच बसतो. एखाद्या खेळाडूला एका वर्षात ६० लाख मिळाले असे धरू. क्लबने ही रक्कम व्यावसायिक फी म्हणून दिली, तर देतानाच १० टक्के, म्हणजे ६ लाख, टीडीएस कापला जातो. मुलगा समजतो की कर भरून झाला. प्रत्यक्षात २०२५-२६ या वर्षाच्या नव्या करप्रणालीप्रमाणे ६० लाखांवर अधिभार आणि उपकर धरून सुमारे १५ लाख ७९ हजार कर होतो. उरलेले जवळपास पावणेदहा लाख त्याने स्वतः भरायचे असतात, तेही जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखांना आगाऊ कराच्या हप्त्यांत. तोवर गाडी आलेली असते, बहिणीचे लग्न झालेले असते, गावच्या घरावर स्लॅब पडलेला असतो. मग दंडाचे व्याज चालू होते.

याहून मोठा अन्याय वेगळाच आहे. हेच ६० लाख एखाद्या माणसाला पाच वर्षांत, दरवर्षी १२ लाख असे मिळाले असते, तर सध्याच्या सवलतीमुळे त्याला एक रुपयाही कर लागला नसता. खेळाडूला ते एका वर्षात मिळाले आणि पुढची चार वर्षे तो गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी बसला, तरी त्याने पावणेसोळा लाख भरायचे. आपला कायदा एका वर्षाचे उत्पन्न बघतो, आयुष्याचे बघत नाही. चाळीस वर्षांची कमाई दहा-बारा वर्षांत उरकणाऱ्याला हा हिशेब लावणे मला मुळीच पटत नाही. आयर्लंडमध्ये तिथे राहणारा खेळाडू निवृत्त झाला की खेळातल्या उत्पन्नाच्या ४० टक्के रकमेची वजावट मागे जाऊन, दहा वर्षांपर्यंतची मागू शकतो. भरलेला कर परत मिळतो, आणि तोही नेमका उत्पन्न थांबते तेव्हा. आपल्याकडे अशी तरतूद व्हायला काहीही हरकत नाही.

करातून वाचलेला पैसा कुठे जातो, हे मला कर्जतमध्ये बसून चांगलेच दिसते. तो जमिनीत जातो. पनवेल-कर्जत रेल्वेमार्गाचे काम सुरू झाल्यापासून चौक, मोहोपे, वावर्ले या पट्ट्यात भाव चढले. नवी मुंबई विमानतळाचे नाव तर प्रत्येक जाहिरातीत असते. खेळाडूला सहकारी सांगतो, एजंट सांगतो, क्लबमधला कोणीतरी सांगतो की कर्जतला प्लॉट घेऊन टाक, म्हातारपणाची सोय होईल. तो शनिवारी येतो, नदीकाठचा हिरवागार तुकडा बघतो आणि पैसे देऊन जातो.

नंतर सातबारा माझ्या टेबलावर येतो. पुष्कळदा ती शेतजमीनच असते. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि बाहेरच्या राज्यातून आलेल्या मुलाला हे कोणी सांगितलेले नसते. तुकडेबंदीमुळे गुंठ्यांतला व्यवहार नोंदवता येत नव्हता, म्हणून कुठे सामाईक सातबाऱ्यावर नाव चढवलेले असते आणि हद्द कुठेच नसते, कुठे नुसतेच नोटरीचे कागद. माथेरानभोवतीचा पट्टा २००३पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे बांधकामावर कडक बंधने आहेत, तरी तिथलेही प्लॉट 'लवकरच एनए' (बिगरशेती) म्हणून खपतात. पाच हंगामांची बचत अशा तुकड्यात अडकलेले लोक मी पाहिले आहेत. भाव कागदावर दुप्पट झाला आहे, पण मुलाच्या शाळेची फी भरायला त्यातला एक गुंठाही विकता येत नाही. चांगले एनए प्लॉटही इथे आहेत आणि ते घेऊन समाधानाने राहणारेही आहेत, पण त्यांनी वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध करून घेतला होता.

खेळ साधारण तेहतिसाव्या वर्षी थांबतो. साठीला अजून सत्तावीस वर्षे असतात. समजा, कर, घर, लग्न सगळे होऊन हातात रोख १ कोटी उरले. हे फार थोड्यांना जमते. महिना ५० हजार खर्च, तो महागाईने वर्षाला ६ टक्के वाढणार आणि पैशावर कर वजा जाता ७ टक्के सुटणार असे धरले, तर ती रक्कम सुमारे १८ वर्षे पुरते. म्हणजे एकावन्नाव्या वर्षी डबा रिकामा.

सरकारी पेन्शन आहे, असे कोणीतरी नेहमी सांगते. गुणवंत खेळाडूंसाठी केंद्राची मासिक पेन्शन योजना खरोखरच आहे, महिना १२ ते २० हजारांची. पण ती मिळते ऑलिम्पिक, आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धा, जागतिक स्पर्धा अशा ठिकाणच्या पदकविजेत्यांना. आशियाई खेळांतले भारतीय पुरुष फुटबॉलचे शेवटचे पदक १९७०चे आहे, बँकॉकचे कांस्य. त्यानंतर जन्मलेल्या एकाही फुटबॉलपटूला त्या पदकाचा आधार नाही. कबड्डीतल्या सुवर्णविजेत्याला ही पेन्शन मिळू शकते, लीगमध्ये दहा वर्षे घाम गाळलेल्या फुटबॉलपटूला मिळत नाही.

प्रशिक्षक होणे ही एक खरी वाट आहे आणि तिचे सर्वांत चांगले उदाहरण मुंबईचेच आहे. खालिद जमील महिंद्रा आणि एअर इंडियाकडून खेळला, दुखापतींनी त्याचा खेळ लवकर थांबवला. २००९मध्ये तो मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला, २०१७मध्ये त्याच्या ऐझॉलने आय-लीग जिंकली आणि ऑगस्ट २०२५मध्ये तो भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. मला त्याचा अभिमान वाटतो. पण एका संघात पंचवीस खेळाडू असतात आणि मुख्य प्रशिक्षक एकच. उरलेल्यांसाठी परवाने आहेत, शाळांतल्या नोकऱ्या आहेत, अकादम्या आहेत. त्यांची तयारी खेळ चालू असतानाच करावी लागते. पस्तिसाव्या वर्षी पहिली पायरी चढणाऱ्याला संसार थांबू देत नाही.

जुलै २०२५मध्ये इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) हंगामच लांबणीवर पडला आणि पुढे बेंगळुरूसारख्या क्लबनेही खेळाडूंचे पगार थांबवले. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना त्यानंतर फार समजावावे लागले नाही. उत्पन्न असे थांबण्यावर नेदरलँड्सने १९७२मध्येच उपाय काढला. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलपटूच्या कमाईचा ठरावीक हिस्सा सक्तीने एका निधीत जातो, त्यावर तेव्हा कर लागत नाही आणि निवृत्तीनंतर तोच पैसा दरमहा पगारासारखा हातात येतो. कर लागतो तो तेव्हा, कमी उत्पन्नावर, कमी दराने. क्लब बुडाला तरी निधी बुडत नाही. असा निधी उभारायला अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने करारात एक कलम घालायला हवे आणि अर्थ मंत्रालयाने करवसुली पुढे ढकलायला संमती द्यायला हवी. खेळाडूंची संघटना २००६पासून आहे, तिने हा आग्रह धरावा.

तोवर मी गुंडग्याच्या त्या आईबापांना एवढेच सांगते की पहिला हप्ता आला की त्याचे तीन भाग करा. एक भाग कराच्या खात्यात टाका, तो तुमचा नाही. दुसऱ्यावर घर चालवा. तिसरा पीपीएफ आणि म्युच्युअल फंडात मुलाच्या नावाने ठेवा आणि त्याला एकोणिसाव्या वर्षापासून त्याचे स्टेटमेंट स्वतः वाचायला लावा. बारावीनंतरचे शिक्षण सुटू देऊ नका, मुक्त विद्यापीठातून का होईना पदवी पूर्ण करा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी लागणारी स्पर्धांची प्रमाणपत्रे आत्तापासून जपून ठेवा. आणि आमच्या कर्जत-खालापुरातला प्लॉट घ्यायचा असेल, तर आधी सातबारा आणि फेरफार घेऊन या, पैसे नंतर.